एकाच पाणबुडीच्या दोन नोंदी

नेरुळ, नवी मुंबई

चि. सानिका (योकोहामा) हिस,

जपानी नौदलाच्या ज्या पाणबुडीला आपल्याकडच्या लिखाणात ‘आय-२९’ म्हणतात, तिचे खरे नाव ‘इ-२९’. जुन्या जपानी वर्णक्रमात इ, रो, हा अशी अक्षरे येतात, आपल्या क, ख, गसारखी. मोठ्या पाणबुड्यांना ‘इ’, मध्यमांना ‘रो’ आणि लहानांना ‘हा’ हे अक्षर मिळे. पुढे नुसता क्रमांक. इ-२९ योकोसुकाच्या नौदल गोदीत बांधली गेली. बांधणी १९३९ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २७ फेब्रुवारी १९४२ रोजी ती नौदलात दाखल झाली.

तिची लांबी १०८.७ मीटर, म्हणजे हार्बर लाइनच्या लोकलचे साधारण पाच डबे. खाडीपलीकडे माझगाव गोदीत बांधलेली आजची ‘आयएनएस कलवरी’ ही पाणबुडी ६७.५ मीटरची आहे. एवढ्या प्रचंड आकारामागे जपानी नौदलाचे एक गृहीतक होते. अमेरिकी आरमार पॅसिफिक ओलांडून येईल आणि शेवटी एक निर्णायक लढाई होईल. तोवर पाणबुड्यांनी हजारो मैल पुढे जाऊन त्याचा माग काढायचा आणि वाटेतच त्याला कमजोर करायचे. त्यामुळे बी-१ वर्गाच्या या पाणबुडीला १६ नॉट वेगाने १४,००० सागरी मैल जाता येईल इतके इंधन दिले होते. पृष्ठभागावर ती साडेतेवीस नॉटपर्यंत धावे. पुढच्या बाजूला टॉर्पेडोच्या सहा नळ्या, पोटात १७ टॉर्पेडो, मागच्या डेकवर १४ सेंटिमीटरची तोफ आणि आत ९४ माणसे.

खरी नवलाई होती ती विमानाची. मनोऱ्याच्या पुढे, पाणी आत शिरणार नाही अशा बंद कोठीत एक छोटे दोन आसनी तरते विमान सुटे करून ठेवलेले असे. पाणबुडी वर आली की ते बाहेर ओढायचे, पंख आणि तरंगे जोडायचे आणि पुढच्या डेकवरच्या रुळांवरून झटक्याने हवेत सोडायचे. परतल्यावर विमान पाण्यावर उतरे आणि क्रेनने वर घेतले जाई. हे सगळे होईपर्यंत पाणबुडी शत्रूच्या समुद्रात उघड्यावर उभी! आकाराची किंमत पाण्याखालीही मोजावी लागे. तिथे वेग जेमतेम ८ नॉट, बुडी मारायला वेळ लागे आणि ध्वनिलहरींनी शोध घेणाऱ्याला हे अजस्र धूड सहज सापडे. ज्या लढाईसाठी ती बांधली, ती लढाई कधी त्या पद्धतीने झालीच नाही.

मे १९४२ मध्ये तिच्या विमानाने सिडनी बंदरावर टेहळणी केली आणि महिनाअखेरीस तिथे जपानच्या बुटक्या पाणबुड्यांचा हल्ला झाला. मग कमांडर जुइची इझू यांच्या हाताखाली ती हिंदी महासागरात आली. सप्टेंबरात एडनचे आखात आणि अरबी समुद्र मिळून तिने चार मालवाहू जहाजे बुडवली.

मुंबईशी तिचा संबंध आला तो नोव्हेंबरात. ब्रिटिश इंडिया कंपनीची १०,००० टनी आगबोट ‘तिलावा’ २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा आणि पुढे दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसे होती. प्रवाशांत मोठा भरणा आफ्रिकेत व्यापार-नोकरी करणाऱ्या भारतीय, विशेषतः गुजराती कुटुंबांचा. सोबतीला युद्धनौका नव्हती. २३ तारखेला पहाटेच्या अंधारात, सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, इ-२९ चा पहिला टॉर्पेडो लागला. होड्यांसाठी झुंबड उडाली आणि पुष्कळ माणसे त्या गोंधळातच गेली. बोट मात्र तरंगत राहिली. ती वाचेल असे वाटून काही जण होड्यांमधून परत वर चढू लागले, तोच दुसरा टॉर्पेडो आला. एकूण २८० माणसे मेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून २७ नोव्हेंबरला मुंबईला आणले. तिलावाबरोबर दक्षिण आफ्रिकेने नाण्यांसाठी घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लगडीही तळाला गेल्या. २०१७ साली एका खासगी कंपनीने त्या वर काढल्या आणि त्या लगडींवरचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. माणसांपेक्षा चांदीचा पाठपुरावा जास्त नेटाने झाला, असे म्हणावेसे वाटते.

तिलावा बुडाल्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी तीच पाणबुडी, तेच कमांडर इझू. एप्रिल १९४३ मध्ये पेनांगहून निघून ती मादागास्करच्या आग्नेयेला ‘यू-१८०’ या जर्मन पाणबुडीला भेटली. जर्मन पाणबुडीत सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन होते. फेब्रुवारीत कील बंदरातून निघाल्यापासून ते त्या कोंदट नळकांड्यात राहत होते. भेट २६ तारखेला झाली, पण समुद्र खवळलेला. अखेर २८ एप्रिलला दोघे रबरी तराफ्यावरून, दोराच्या आधाराने, चिंब भिजत इ-२९ वर पोहोचले. बदल्यात दोन जपानी नौदल अधिकारी जर्मनांकडे गेले. सोबत सोनेही गेले. दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात नागरी प्रवासी असे हलवल्याची दुसऱ्या महायुद्धातली ही एकमेव नोंद. मे महिन्याच्या सुरुवातीला नेताजी सुमात्राच्या टोकाजवळ साबांगला उतरले. पाणबुडीच्या खलाशांसोबत काढलेला त्यांचा फोटो आपल्याकडच्या पुस्तकांत सापडतो. तिलावाचे नाव त्याच्याखाली सहसा नसते.

पुढे ताकाकाझू किनाशी हे तिचे कमांडर झाले. अमेरिकेची विमानवाहू नौका ‘वास्प’ बुडवणारे ते हेच. डिसेंबर १९४३ मध्ये सिंगापूरहून निघून इ-२९ मार्चमध्ये फ्रान्समधल्या लोरियांला पोहोचली आणि जर्मन जेट व रॉकेट विमानांच्या इंजिनांची सामग्री व आराखडे घेऊन १४ जुलै १९४४ रोजी सिंगापूरला परतली. तिथे एइची इवाया हे अधिकारी काही आराखडे घेऊन विमानाने तोक्योला गेले. जपानचे पहिले जेट विमान ‘किक्का’ त्या आराखड्यांच्याच आधाराने उभे राहिले. बाकी माल पाणबुडीतच राहिला.

अमेरिकेने सांकेतिक संदेश उलगडून तिचा मार्ग ओळखला होता. २६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या बालिंतांग खाडीत ‘सॉफिश’ या अमेरिकी पाणबुडीचे तीन टॉर्पेडो तिला लागले. पाण्यात फेकल्या गेलेल्यांपैकी एकच खलाशी पोहत एका लहान बेटावर पोहोचला आणि पाणबुडी बुडाल्याची खबर त्याच्याकडून कळली.

तुझा,
अण्णाकाका