सुटण्याची वेळ

“बाय, खेचू नको हां तिला. दात आत राहिला तर जखम पिकते.”

आजी मलाच बजावत होत्या. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतल्या एका गावच्या त्या. आता करंजाडेत पुनर्वसनाच्या प्लॉटवर बांधलेल्या घरात राहतात. उभा जन्म भातशेतीत गेला. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात पोटरीला जळू लागायची, म्हणून कमरेला मिठाची पुरचुंडी असायची. आज तीच जळू मी त्यांच्या घोट्याला लावत होते. शिरा फुगून पाय काळवंडलेला, मधोमध वर्षभर न भरलेली जखम. हिमोग्लोबिन पुरेसं होतं, रक्त गोठण्याची वेळ ठीक होती, रक्त पातळ करणारी गोळी चालू नव्हती. एवढं पाहिल्याशिवाय मी जळवांच्या मडक्याला हात लावत नाही.

जळू लावणं त्यामानाने सोपं आहे. आधी तिच्या अंगाला हळद-मोहरीचं पाणी लावायचं, मग थोडा वेळ साध्या पाण्यात सोडायचं. मरगळ जाते, भूक जागी होते. रुग्णाच्या कातडीला साबणाचा किंवा अत्तराचा वास असेल तर ती तोंड फिरवते. मग दुधाचा एक थेंब टाकायचा, किंवा सुईने जरासं टोचून रक्ताचा ठिपका आणायचा. तिने तोंड घोड्याच्या खुरासारखं रोवलं आणि मान कमानीसारखी उचलली, की ती पिऊ लागली असं समजायचं आणि वर ओलं फडकं घालायचं. या खुणा सुश्रुताने आपल्या संहितेत, सूत्रस्थानाच्या १३व्या अध्यायात दिल्या आहेत. बारा जातींपैकी सहा विषारी म्हणून त्याने वगळल्या. राजापासून लहान मूल, म्हातारी आणि भित्र्या माणसापर्यंत सगळ्यांना सोसेल असा रक्त काढण्याचा हा सर्वांत कोवळा उपाय, असं त्याने म्हटलं आहे.

जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, हे १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी दाखवलं. पुढे त्याला हिरुडीन हे नाव मिळालं. जळू सुटल्यावरही जखम कित्येक तास पाझरत राहते ती लाळेतल्या अशा द्रव्यांमुळे. साकळलेल्या जागेला मोकळं करणारं काम बरंचसं त्या पाझरण्यातच होतं, म्हणून घरी जाताना मी रुग्णाला पट्टी भिजेल, घाबरू नका, असं दोनदा सांगते.

विद्या लागते ती पुढे. दंशाच्या जागी टोचणी आणि खाज सुरू झाली की आता शुद्ध रक्त जातंय, जळू काढावी, असं सुश्रुत सांगतो. ते रुग्णालाच विचारावं लागतं, म्हणून त्या पाऊण तासात मी खुर्ची सोडत नाही. सैंधवाची चिमूट तिच्या तोंडाशी टाकली की ती सुटते. बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही. ‘जळूसारखा चिकटला’ असं आपण म्हणतो, पण पोट भरलेली जळू क्षणभरही धरून राहत नाही. थांबायचं विसरतो तो माणूस. एकोणिसाव्या शतकात युरोपात ज्याला त्याला जळवा लावायचं वेड पसरलं. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून जास्त जळवा बाहेरून आणल्या. माणसं अशक्त झाली आणि तिथल्या तळ्यांतल्या जळवाही संपत आल्या.

थांबण्याचा धडा मलाही एका जळूने दिला. सुरुवातीच्या काळात एकदा बाहेर रांग होती. प्यायलेलं रक्त ओकवण्यासाठी जळू मी तांदळाच्या पिठात घोळवली, तोंडाला मीठ-तेल लावलं, शेपटाकडून तोंडाकडे बोटं फिरवली आणि अर्ध्यातच तिला पाण्यात सोडलं. ती तळाशी बसली, हलली नाही. नीट न ओकलेल्या जळूला होणाऱ्या आजाराला सुश्रुत इंद्रमद म्हणतो. सकाळी ती मेलेली होती. त्या दिवसापासून वमन पुरं झाल्याशिवाय मी पुढच्या रुग्णाला हाक मारत नाही.

आमच्या पनवेलला आयुर्वेद नवा नाही. धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ पासूनचा. बाटलीतलं औषध इथून कुठेही जातं. जळू तशी पाठवून चालत नाही. तिला क्लोरीन नसलेलं पाणी हवं, तिसऱ्या दिवशी ते बदलायला हवं, सातव्या दिवशी मडकंही. आता प्रत्येक मडक्यावर रुग्णाचं नाव असतं. एकाची जळू दुसऱ्याला कधीच लावायची नाही. हात रोज तिथे असावा लागतो.

चौथ्या खेपेला आजींच्या जखमेच्या कडा आत सरकू लागल्या होत्या. शतधौत घृताची, म्हणजे शंभर वेळा धुतलेल्या तुपाची, पट्टी बांधून मी त्यांना उठा म्हटलं, तर त्या बसूनच राहिल्या. माझ्या बोटांतून काळं रक्त ताटलीत उतरत होतं, त्याकडे टक लावून पाहत होत्या.

“झालं का तिचं पोट मोकळं?”

मी तिला मडक्यात सोडलं. ती लांब झाली, वळली आणि पाण्यातून सरसर पोहत निघाली. आजी उठल्या, काठी घेतली आणि मडक्याचं फडकं त्यांनीच नीट बांधलं.