सही जुळत नाही

फोनवर नातेवाईक विचारतात, "काय, बरी आहेस ना आता?" मी "हो, अगदी" म्हणते. खोटंही नाही ते. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची साथ आली, त्यात मीही सापडले, पण ताप चार दिवसांत उतरला.

बोटं मात्र अजून बरी व्हायची आहेत. सकाळी मूठ वळत नाही. अर्धा तास गरम पाण्यात हात बुडवून बसावं, तेव्हा कुठे चहाचा कप धरता येतो. कणीक हल्ली 'हे' मळतात. पोळ्या वातड होतात, पण बोलायची सोय नाही!

संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, विषाणू रक्तातून साधारण आठवडाभरात जातो, पण त्याच्याशी लढायला शरीराने उठवलेली फौज सांध्यांतून लगेच माघारी फिरत नाही. कुणाला महिने लागतात, कुणाला वर्षं. वय जास्त, तर त्रास रेंगाळण्याची शक्यता जास्त.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे आधी शब्दाच्याच मागे लागले. टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेत याचा अर्थ 'वाकून जाणे'. १९५२-५३ च्या साथीत तिथेच हा आजार ओळखला गेला. म्हणजे त्यांनी नाव ठेवलं ते तापावरून नाही, सांध्यांवरून! आपल्याकडे १९७३ साली बार्शीत साथ आली, मग बरीच वर्षं शांतता. २००६ मध्ये देशभरात तेरा लाखांवर संशयित रुग्ण मोजले गेले. पुढे कुणाची बोटं किती वर्षं दुखली, ते त्या आकड्यात नाही.

असो. मागच्या महिन्यात बँकेत पेन्शन काढायला गेले. सही जुळेना. तीन वेळा केली, तिन्ही वेगळ्या. काउंटरवरचा मुलगा बिचारा अदबीने म्हणाला, "आजी, अंगठा चालेल."

अहो, तीस वर्षं मी पोरांकडून अक्षर गिरवून घेतलं! "नाही चालणार," म्हटलं, आणि घरी आले.

आता रोज हात शेकून झाले की दुरेघी वहीत एक पान लिहिते. 'क' ची गाठ अजून नीट येत नाही. नवीन सहीचा नमुना पुढच्या सोमवारी द्यायचा आहे.