फिलाडेल्फियात हलणारं दख्खन

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या लोक धावत चढतात, कारण ‘रॉकी’ सिनेमातला मुष्टियोद्धा तशा चढला होता. वर पोचले की हात उंचावून फोटो काढतात आणि बरेचसे तिथूनच परत फिरतात. आम्ही नगरकर धापा टाकत चढलो आणि आत शिरलो. आशियाई दालनात मदुरेच्या देवळाचा अख्खा दगडी मंडप उभा. त्याची नवलाई ओसरायच्या आत समोरच्या भिंतीवर दख्खनी चित्र दिसलं, आणि ते हलत होतं!

पऱ्यांचे पंख अंगापासून सुटत होते, रंग एकमेकांत विरघळत होते, पुन्हा जुळत होते. चित्रपोथी ‘गुलशन-इ-इश्क’ची. विजापूरच्या आदिलशाहीतला कवी नुसरती यानं १६५७ च्या सुमाराला दखनीत लिहिलेली मनोहर-मधुमालतीची प्रेमकथा. इथली प्रत १७४३ ची. त्यावरून हे चलत्‌चित्र संग्रहालयानं २०१६ मध्ये चित्रकार शाझिया सिकंदर यांच्याकडून करून घेतलं. त्या मूळच्या लाहोरच्या, राहतात न्यूयॉर्कमध्ये. गळा लाहोरच्याच अली सेठींचा, संगीत शांघायला जन्मलेल्या डू युन यांचं. विजापूरची गोष्ट कुठे कुठे फिरून आली होती!

लाहोरच्या कलाशाळेत सिकंदर शिकत होत्या, तेव्हा लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायची वस्तू, असा समज होता. त्यांनी हट्टानं तेच निवडलं. खारीच्या केसांचा कुंचला, थरावर थर चिकटवून केलेला वसली कागद, सगळं जुन्या शिस्तीतलं. त्यातून १९८९-९० मध्ये ‘द स्क्रोल’ झालं: पाच फुटांहून लांब, आणि त्यात पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी घरभर वावरते. तिचा चेहरा दिसतच नाही. शेवटी ती स्वतःच एका बाईचं चित्र रंगवताना भेटते.

या चेहरा न दिसणाऱ्या मुलीवरून मला आमच्या नगरच्या निजामशाहीची पोथी आठवली. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’, आफताबीचं फारसी काव्य, १५६५ नंतरच्या चार-पाच वर्षांतलं. आज ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चौदापैकी बारा चित्रं उरलीत. त्यांत हुसेन निजामशहाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून बहुतेक ठिकाणी घासून पुसून टाकलेली. पतीमागे तिनंच राज्य चालवलं. पुढे मुलानंच, मुर्तजानं, तिला कैदेत टाकलं. ही पुसापुशी त्यानंतरची असावी, असं अभ्यासक मानतात. एका पानावर मात्र बाईच्या स्पर्शानं झाड फुलतं, हा आपल्याकडचा जुना दोहदाचा संकेत फारसी काव्याच्या पोथीत खुशाल येऊन बसलाय.

खुंजाची मुलगी म्हणजे चांदबिबी. ती नगरमधल्या पोरासोरांना ठाऊक असते. ‘चांदबिबी महाल’ म्हणून शाळेच्या सहली जिथे जातात ती सलाबतखानाची कबर आहे, हे निराळं. आईचं नाव मात्र कुणी घेत नाही.

पुसलेल्या जागेसारखा विषय चित्रकाराला दुसरा कुठला मिळणार? नगरमध्ये कुंचला धरणारे हात कमी नाहीत, आणि पुणं तर अडीच-तीन तासांवर. तरीही उद्या लाहोरच्या या बाईंनीच खुंजाला भिंतीवर चालतं-बोलतं केलं, तर मला नवल वाटणार नाही. थोडी असूया वाटेल.