जिन्याचं माप आणि आईचं मनगट

"या वयात पडू नका, सांभाळा," असं मी ज्येष्ठ रुग्णांना कित्येक वर्षं सांगत आलोय. पण गेल्या पावसाळ्यात माझीच आई आमच्या जिन्यावरून घसरली. गुळगुळीत पायऱ्या, त्यात ओले पाय. नशिबाने मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड मोडलं असतं, तर ऑपरेशन आणि अंथरूण दोन्ही ठरलेलं होतं.

त्याच आठवड्यात मी रबरी मॅट आणली. एक पायरी मोजली आणि त्याच मापाने चौदा तुकडे कापले! जुन्या घरात सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात, वळणावरच्या तर तिरक्या असतात. काही तुकडे कडेबाहेर लोंबायला लागले. घसरणं टळलं, पण अडखळायची सोय झाली. आई प्लास्टरमधला हात सावरत म्हणाली, "अरे, सगळ्यांचे ब्लाउज एकाच मापाने बेततात का?" आणि तिने रद्दी पुढे केली.

तुम्हीही तसंच करा. प्रत्येक पायरीवर वर्तमानपत्र अंथरून कडेने दाबा, घडीवर कापा आणि त्यावर पायरीचा क्रमांक लिहा. हा कागद मॅटवर ठेवून खुणा करा. स्टीलची पट्टी धरून कटर दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा. आधी किंचित मोठं कापा, बसवून पाहा, मग छाटा. उतरताना भार पायरीच्या पुढच्या कडेवर येतो, म्हणून मॅट तिथपर्यंत पोचावी, पण बाहेर येऊ नये. पायरी स्वच्छ, कोरडी करूनच चिकटवा. एकही कोपरा सुटा ठेवू नका. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावली, तर मोतीबिंदू असलेल्यांनाही पायरी कुठे संपते ते कळतं.

पण नुसती मॅट पुरेशी नाही. कठडा घट्ट हवा, दिव्याची बटणं खाली आणि वर दोन्हीकडे हवीत. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भिंगातून पायऱ्या अंधूक दिसतात, हे लक्षात ठेवा. उठल्यावर चक्कर येत असेल, तर रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी लगेच रुग्णालयात जा.

आईचं मनगट आता जुळलंय. ती रोज जिना उतरते, कठडा धरून. आज तुमच्या घरचा जिना तुम्हीही एकदा सावकाश उतरून पाहा. कुठे पाय सरकतो, कुठे अंधार आहे, ते कुणी पडायच्या आधीच कळलेलं बरं.