मळीतली टाचणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच की काय, घरात माझ्या शब्दाला नको तितके वजन आले आहे. त्या वजनाची भीती मला पहिल्यांदा वाटली ती गेल्या वर्षी भाद्रपदात, एका इवल्याशा टाचणीमुळे!

टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. रस्त्यालगतच्या आमच्या पाणथळ मळीत, गवताच्या पात्यावर, मला एक पिवळीजर्द टाचणी दिसली. नुकतेच वाचले होते की, २०१९ साली शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी आमच्याच सिंधुदुर्गातून टाचणीची एक नवी जात जगापुढे आणली. नाव ‘सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स’. तिच्या नराचे डोळे, छाती, पोट सारेच पिवळे. झाले! मी धावतच घर गाठले.

बाबा त्या मळीत भराव घालून दोन गाळे बांधणार होते. त्यांच्या भाड्यावर धाकट्या भावाचे शिक्षण व्हायचे होते. मी ठासून सांगितले, ही टाचणी दुर्मिळ आहे, भराव नको. बाबा चौथी शिकलेले. “चेडू शिकलेला आसा, सांगता तर खराच असतला,” म्हणाले आणि मातीचा डंपर त्यांनी परत पाठवला.

पंधरा दिवसांनी मी माझ्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोटो दाखवला. सरांनी तो मोठा करून पाहिला.

“छाती बघ, हिरवट आहे. ही नेहमीची. हिचं नाव फॅब्रिशियसने १७९८ सालीच ठेवलंय. आणि नुसत्या रंगावर जाऊ नये. नराच्या शेपटीच्या टोकाला चिमट्यासारखे अवयव असतात, ते भिंगाखाली पाहावे लागतात.”

त्या रात्री झोप लागली नाही. गप्प राहिले असते तर मळी वाचत होती. पण बाबांनी टाचणीवर नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवला होता. सकाळी सारे सांगून टाकले.

बाबांनी पेजेचा वाडगा खाली ठेवला. “नवी नाय, मगे तिणा जगाचा नाय काय?”

मी म्हटले, तिची पिल्ले पाण्यातच वाढतात, डासांच्या अळ्या खातात. पाणी गेले की तीही गेली. बाबा बराच वेळ बोटांवर हिशेब करीत राहिले.

आज तिथे एकच गाळा उभा आहे. दुसऱ्याच्या जागी पाणी आहे. एका गाळ्याचे भाडे घरात कमी येते आणि भावाच्या फीच्या वेळी आई काही न बोलता माझ्याकडे बघते.

यंदाच्या पावसाळ्यात त्याच पात्यांवर पिवळ्या टाचण्या आल्या. मी भिंग घेऊन उकिडवी बसले, एकेक पाहिली. साऱ्यांच्या छात्या हिरवटच होत्या. घरी जाऊन तसेच सांगितले.