पांढऱ्या घोड्याचं वय

तुळजापूर
जानेवारी 2026

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाकंभरीच्या नवरात्रात आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, रस्ते यात्रेकरूंनी. शांतपणे वाचायला पौष पौर्णिमा उलटावी लागली. फोटो मात्र त्याच दिवशी खिडकीशी नेऊन पाहिले. हिरव्या टेकडीवर तो पांढरा घोडा, पाठीवर स्वार, खाली मेंढरं आणि चिखलाने भरलेल्या बुटांत तू.

दर रविवारी इंग्लंडातल्या ऑस्मिंग्टनच्या त्या घोड्याखालून चालत जातेस. इतके महिने त्याला हजारो वर्षांचा समजत होतीस. मग तो 1808 सालचा निघाला, वरचा स्वार म्हणजे तिसरा जॉर्ज राजा हे कळलं, आणि तू लिहिलंस, "आत्या, तेव्हापासून मी त्याच्याकडे मान वर करून बघतच नाही." या एका वाक्यामुळे हे पत्र लांबणार आहे, बाई.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या डोंगरांवर असं काही का नाही? परवा पहाटे घाटशिळेपर्यंत चालत गेले होते. रामाला देवीने लंकेची वाट दाखवली ती ही जागा, तुला लहानपणी कडेवर घेऊन दाखवली आहे. तिथे उभं राहून उतारावरचं गवत बघत होते. आपल्या बालाघाटावरचं गवत खरवडलं तर खाली मुरूम लागतो, नाहीतर काळा दगड. चित्र उमटणार कसं? तुमच्याकडे हिरवळीखाली वीतभरावर पांढराशुभ्र खडू. शाळेत तीस वर्षं मी हातात खडू धरला, पण फळ्यावरचा तो बहुतेक जिप्समचा असतो. तुझ्या पायाखालचा अस्सल, समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा साका. तो साचण्याचा काळ संपत आला, साधारण तेव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे लाव्हा वाहत होता. म्हणजे तुझी टेकडी आणि माझा घाट वयाने फार लांबचे नाहीत. ही गोष्ट मला फार आवडते.

आता घोड्याचं वय. तुमच्याच देशात अफिंग्टनला दुसरा पांढरा घोडा आहे, एकशे दहा मीटर लांब, चार-पाच झोकदार रेषांत पळणारा. तिथली माती शेवटची उन्हात कधी होती ते मोजून 1990 च्या दशकात त्याचं वय काढलं, ते भरलं सुमारे तीन हजार वर्षं. पण तो टिकला कसा, याचा विचार कर. चर खणून त्यात खडू ठोकून भरलेला. एक-दोन पिढ्यांनी लक्ष दिलं नसतं तर गवताने तो कधीच गिळला असता. दर काही वर्षांनी आसपासच्या गावांतली माणसं जमायची, गवत काढायची, नवा खडू कुटून बसवायची. त्या कामाची जत्राच भरायची. कुस्त्या व्हायच्या, उतारावरून चीजचे गोळे गडगडत सोडायचे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोडा झाकला होता आणि युद्ध संपल्यावर पुन्हा उघडला. त्या घोड्याचा वरचा, डोळ्यांना दिसणारा खडू तीन हजार वर्षांचा नाही, अगदी अलीकडचा आहे. तरी घोडा तोच.

हे तुला परकं वाटू नये. तू तुळजापूरची आहेस. आई भवानी वर्षातून तीनदा निद्रेला जाते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की ती ज्या पलंगावर निजते तो नगरकडून येतो, पालखी बुऱ्हाणनगरहून. दोन्ही दर वर्षी नव्याने घडवलेली. वाटेतल्या गावांत लोक पलंगाचं दर्शन घ्यायला उभे असतात. त्यांच्यापैकी कुणी म्हणतं का, की हा तर यंदाच्या लाकडाचा? आणि गोंधळात गोंधळी धान्याचा चौक मांडतात तो तर एका रात्रीपुरता. संबळ थांबला, पहाट झाली, की चौक मोडतो. पुढच्या घरी पुन्हा तसाच मांडला जातो. ते चित्र जुनं की नवं, हे मला आजवर ठरवावंसंच वाटलं नाही.

तुझ्या ऑस्मिंग्टनच्या घोड्याबद्दल वाचून काढलं. 1989 मध्ये तो उजळ करायला उत्साहाने दगडाची खडी आणून ओतली. भलं करायला गेले आणि रेषा बिघडल्या, आकार बेढब झाला. मग 2012 च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या शर्यती वेमथला होणार म्हणून गावकरी आणि स्वयंसेवक कामाला लागले आणि 160 टन खडी त्या चढावरून काढली. डोंगरावरून 160 टन! ज्या घोड्याकडे तू बघत नाहीस, त्याच्यासाठी एवढी माणसं राबली आहेत.

याच्या अगदी उलटी गोष्ट आपल्या कोकणात पाहिली. दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे राजापूरला गेले तेव्हा त्याने सड्यावर नेलं. जांभ्या दगडाचं काळपट पठार, पावसाळ्यात फुलांनी भरणारं, एरवी भट्टीसारखं तापणारं. त्यावर कातळशिल्पं कोरली आहेत. कशेळीचा हत्ती जवळजवळ साठ फूट लांब, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. काठाने फिरले तरी पूर्ण हत्ती एका नजरेत येईना. सोंड सापडली तर पाय हरवले. आज कोकणच्या रानात गेंडा नाही, पण दगडात आहे. बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस उभा आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना विचारून ही चित्रं उजेडात आणली. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथे कुणी गवत काढायची गरज नव्हती. दगड खणला नाही, एवढ्यावरच ती हजारो वर्षं राहिली. आता चिऱ्याच्या खाणी, रस्ते, आंब्याच्या बागा तिथवर पोचल्या आहेत. मला त्याची रात्री झोप लागेना इतकी काळजी वाटली. देवीहसोळला मात्र आर्यादुर्गेच्या देवळाजवळच्या कातळचित्रापाशी जत्रेत देवीची पालखी येते हे ऐकलं आणि जरा धीर आला. जिथे पालखी येते तिथे जेसीबी सहज येत नाही.

गेल्या महिन्यात आपल्याजवळची बातमी आली. नळदुर्गावरून सोलापूरकडे जाताना बोरामणीचा माळ लागतो ना, तिथे दगडांचा चक्रव्यूह सापडला. एकात एक पंधरा फेरे, सुमारे पन्नास फुटांचा व्यास. अभ्यासक त्याचं नातं तेरच्या जुन्या व्यापाराशी, रोमपर्यंत जाणाऱ्या वाटांशी जोडत आहेत. मला राहवेना. शेजारच्या मुलाला घेऊन गेले. वाळलेलं गवत, लांडग्यांचा मुलूख, वारा नुसता कानात. दगड लहान, मातीत रुतलेले. कुणी दाखवलं नसतं तर मी त्यावरून चालत गेले असते. एक धनगर शेळ्या घेऊन आला. त्याने काही न बोलता काठीने शेळ्या बाजूने वळवल्या. मी विचारलं, का रे बाबा? म्हणाला, "आजा वळवायचा."

तेवढ्यासाठी गुडघे दुखवत गेल्याचं चीज झालं.

आता येत्या रविवारी जाशील तेव्हा मान वर करून बघ. तिथे गवत काढायला माणसं कधी जमतात याची गावात चौकशी कर आणि त्यांच्यात जा. खुरपं धरायला तुला तुझ्या आजीनेच शिकवलं आहे. आणि मला आठवण म्हणून खडूचा तुकडा आणू नकोस. तो तिथेच ठोकून बसव आणि कुठे बसवलास, टाचेशी की शेपटीशी, ते पत्रात लिही.

दादा बरा आहे, औषध वेळेवर घेतो. तुझ्यासाठी देवीचा कुंकवाचा प्रसाद आणि कवड्यांची माळ बाजूला ठेवली आहे, कुणी येणारं असलं तर पाठवते.

तुझी,
आत्या