पाणी पश्चिमेला वळले

आमची आई अस्सल गिरगावकरीण. १९५९ साली वडील ओव्हरसियर म्हणून कोयनेच्या कामावर रुजू झाले, तेव्हा तिने पहिली चौकशी केली ती पापडांची. तिथे ते वाळतील का? नाही वाळले! त्या खोऱ्यात पाऊस नुसता पडत नाही, चार महिने मुक्कामाला येतो.

योजना वडिलांनी मला जेवताना समजावली. ताटात भाताचा उभा ढीग केला. हा सह्याद्री. अलीकडे आमटीचे तळे, ही कोयना. महाबळेश्वराहून निघते, दक्षिणेला येते, हेळवाकपाशी वळते आणि पूर्वेला कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. पण डोंगरापलीकडचे कोकण किती खाली! मग त्यांनी भातातून बोट आरपार घातले. आमटी पश्चिमेला घसरली, आणि आई ओरडली, "अन्नाशी कसला खेळ!"

धरण बघायला आलेले पाहुणे देशमुखवाडीची भिंत पाहून तृप्त होत. पण भिंत म्हणजे नुसते कोठार. खरे काम डोंगराच्या पोटात. पाणी बोगद्यातून पलीकडे न्यायचे आणि सुमारे १५०० फूट खाली सोडायचे. पोफळीला खडकात कोरलेल्या वीजघरात त्याचा फवारा चक्राच्या वाट्यांवर आदळतो, जनित्र फिरते, आणि दमलेले पाणी वाशिष्ठीला मिळते. वडील बोगद्यातून परतत ते नखशिखांत राखाडी होऊन. सुरुंगाच्या दारूचा वास अंघोळीनेही जात नसे.

१९६२ साली पहिली वीज निघाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली. धरणाला तडे पडले, पण ते उभे राहिले. पुढे ते भक्कम केले, वीजघरेही वाढली. हे सारे छापून आलेले आहे.

छापून न आलेल्या एक मामी मला आठवतात. त्या आम्हाला दूध घालीत. त्यांचे गाव वरच्या अंगाला, बुडणाऱ्यांपैकी. एकदा त्यांनी वडिलांना विचारले, "सायेब, पानी कुठवर येनार?"

वडिलांनी समोरच्या आंब्याकडे बोट केले. "त्याच्या शेंड्याच्याही वर."

मामींनी मुकाट्याने चरवी उचलली. पुढे त्यांना दूर देशावर जमीन मिळाली म्हणे. 'मिळाली' हा शब्द जपून वापरायला हवा, कारण कोयनेच्या कित्येक धरणग्रस्तांची जमिनीची प्रकरणे साठ वर्षांनंतरही रेंगाळत राहिली.

१९६३ च्या उन्हाळ्यात मामी दुधाच्या राहिलेल्या पैशांसाठी आल्या. आईने नवे घर कसे आहे म्हणून विचारले.

"समदं सपाट हाय, वैनी. दिवा न्हाई, त्ये एक येळ चालतंय. पर म्हशीला डुंबाया पानी न्हाई."

आईने पैसे मोजून दिले, वर खणही दिला. वडील आतल्या खोलीत नकाशे पसरून बसले होते. मामी जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.